डिलनला ऐकून आले, पण 'माझी' गाणी कुठे गेली?

अनुस्वार
नोव्हेंबर २०२४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनला ऐकलं. सलग तीन रात्री कार्यक्रम होते, १२, १३ आणि १४ तारखेला. आम्ही मधल्या रात्री गेलो. तेव्हापासून हा धागा काढायचा म्हणतेय, पण कोणी 'कसा झाला गं?' म्हणून विचारलं की अजूनही मला धड उत्तर देता येत नाही.

मी कॉलेजपासूनची भक्त. हॉस्टेलवर एका मैत्रिणीकडे एक टेप केलेली कॅसेट होती, ती इतकी वाजवली की पुढेपुढे आवाज लडखडायला लागला. तीस वर्षं तीच गाणी. कुठल्या ओळीआधी हा बाबा श्वास घेतो तेही पाठ. सोबत मुलगा होता, वय १७, त्याला यातलं काही ठाऊक नाही. 'आईला रात्री एकटीला कुठे पाठवायचं' एवढ्याच उदात्त हेतूने आला होता.

दिवे मंदावले. घोषणा नाही, नमस्कार नाही, वादक थेट सुरूच झाले. पहिलं गाणं कुठलं हे कळायला मला चांगला वेळ लागला. एक शब्द कानावर पडला तेव्हा ट्यूब पेटली, अरे, हे तर 'ऑल अलाँग द वॉचटॉवर'! दुसरं 'इट एन्ट मी, बेब'. या गाण्यावर माझा जीव आहे. पण माझ्या कानातलं त्यातलं काहीच तिथे नव्हतं. गिटार नाही, ती चाल नाही, तो ठेका नाही. पियानोवर दोन सूर टाकायचा, ओळ अर्ध्यात सोडून द्यायचा आणि मग गाडी चुकेल अशा घाईने उरलेले शब्द एका दमात संपवायचा.

दिसला किती? पियानोमागे केसांचा झुपका आणि अधूनमधून कपाळ. एकूण १७ गाणी, त्यातली ९ 'रफ अँड रावडी वेज' या २०२० च्या अल्बममधली. 'लाइक अ रोलिंग स्टोन' नाही, 'ब्लोइन इन द विंड' नाही, शेवटी टाळ्या वाजवून परत बोलवायची सोय नाही. संपलं की संपलं.

बाहेर पडताना मुलगा म्हणाला, "आई, जबरी होतं!" आणि मी गप्प.

तर प्रश्न असा, की इतक्या जुन्या कलाकाराला ऐकायला आपण नक्की कशासाठी जातो? गाण्यासाठी की माणसासाठी? आणि गाणंच ओळखू आलं नाही तर आपली फसवणूक झाली असं म्हणायचं का?

बिनपगारी
बॉब म्हणजे मार्लीच ना? तो अजून गातो??

खर्जातला
@बिनपगारी, धागा सुरू होऊन पाच मिनिटं नाही झाली. थोडी तरी लाज. :)

मीठभाकर
फसवणूकच. त्यात एवढा विचार काय करायचा?

मी बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीला 'गॉट बॅक' दौऱ्यात ऐकलं. तोही ऐंशी पार केलेला. डिलनपेक्षा जेमतेम एका वर्षाने लहान, जून १९४२ चा जन्म. अडीच तासांहून जास्त वेळ उभा होता, मध्ये पाणीसुद्धा प्यायलेला दिसला नाही. बीटल्सची, विंग्जची, नवी, सगळी गाणी म्हटली आणि जशी आपल्याला माहीत आहेत तशी म्हटली. स्वर काही ठिकाणी चिरकतो, वरच्या पट्टीत धाप लागते, पण माणूस प्रयत्न करतो हो! समोर बसलेल्यांनी कष्टाचे पैसे मोजले आहेत याची जाणीव आहे त्याला. शेवटाकडे पडद्यावर त्याचा बीटल्समधला दिवंगत जोडीदार जॉन लेनन येतो, १९६९ च्या गच्चीवरच्या कार्यक्रमातला, त्याचा आवाज वेगळा काढलेला, आणि पॉल पाठमोरा उभा राहून त्याच्याबरोबर गातो. माझ्या शेजारचे एक आजोबा हुंदके देत होते. आणि हा तुमचा डिलन पियानोमागे लपतो. साहित्याचं नोबेल मिळालं म्हणून श्रोत्यांकडे बघायचंच नाही असं काही आहे का?

मध्यरात्र
नोबेलचा काही संबंध नाही, तो आधीपासूनच तसा आहे. १३ ऑक्टोबर २०१६ ला नोबेल जाहीर झालं, त्याच रात्री लास वेगासला त्याचा कार्यक्रम होता. लोक वाट बघत बसले की आता काहीतरी बोलेल. अक्षर नाही. गायला आणि गेला.

मी त्याला २००४ मध्ये अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानावर ऐकलं, तेव्हा तो विली नेल्सनबरोबर छोट्या छोट्या मैदानांवर फिरत होता. लोक गवतावर सतरंज्या टाकून, पोरंबाळं घेऊन आलेले. विली सगळ्यांना आवडला. मग हे महाराज आले, मंचाच्या एका कडेला कीबोर्ड, त्यावर वाकून उभे, आमच्याकडे खांदा. आवाज म्हणजे रेतीच्या पोत्यातून कोणी खडे ओततंय. आम्ही चौघं मित्र होतो, 'ओळखा पाहू' खेळलो. जो आधी गाणं ओळखेल त्याला बाकीच्यांनी जेवण द्यायचं. एक गाणं तर तिसऱ्या कडव्यात ओळखू आलं आणि तेही ज्याने ओळखलं तो तेलुगू होता, त्याला फक्त ध्रुवपदाचे शब्द ठाऊक होते.

तरी मी त्यानंतर आणखी चारदा गेलो. का ते विचारू नका.

सानिका_प
का?

मध्यरात्र
आता विचारलंच आहे तर. दुसऱ्या वेळी असं एक गाणं झालं की जे मला अल्बमवर कधीच आवडलं नव्हतं. त्या रात्री त्याने ते इतकं संथ म्हटलं की त्याचा अर्थच फिरला. आधी ती तक्रार वाटायची, तिथे ती माफी वाटली. ते पुन्हा सापडतं का बघायला जातोय. अजून नाही सापडलं.

टेकडीवरचा
अनु, तुला जे झालं ते कुमार गंधर्वांना पहिल्यांदा समोर बसून ऐकणाऱ्या बऱ्याच जणांना झालं असणार. तबकडीवर ऐकलेली बंदिश डोक्यात घेऊन जायचं आणि समोर कुमारजी वेगळ्याच जागेवरून उचलणार. एखादा स्वर लावून गप्प बसणार. लोक म्हणायचे, 'हे काय, तुकडे तुकडे गातात.' अगं, ते तुकडे क्षयातून उठलेल्या फुप्फुसाला झेपतील तेवढे होते, आणि त्यातूनच त्यांची गायकी उभी राहिली. जे उरलंय त्यातून काय बांधता येतं ते बघायचं.

डिलनचंही तेच. त्याचा आवाज कधीच गोड नव्हता, आणि नव्वदीच्या दशकात तर दौऱ्यादौऱ्यात पार झिजला. मग २०१५ ते २०१७ या काळात त्याने काय केलं? सिनात्रा गायचा तसली जुनी गाणी घेऊन ओळीने अल्बम काढले, शेवटचा तर तीन तबकड्यांचा. तेव्हा सगळे हसले होते. पण ती गाणी ओरडून म्हणता येत नाहीत, सूर धरून हळू बोलावं लागतं. माझं मत असं की तिथे म्हातारपणी त्याने पुन्हा रियाज केला. त्यानंतरचा डिलन वेगळाच आहे, शब्द स्पष्ट, आवाज खाली आणि ताब्यात. बेसबॉलच्या मैदानावरचा तो हा नव्हे.

ढोबळमानाने
टेकडीवरचे साहेब, कुमारांना यात ओढायची गरज होती का? राग म्हणजे मुळातच मोकळी जमीन. बंदिश दोन ओळींची, बाकी उपज. श्रोता घरून निघतो तेव्हाच त्याला ठाऊक असतं की आज काहीतरी नवं होणार. रॉकचं तसं नाही. तिथे रेकॉर्ड हीच मूळ संहिता. ते गिटारचं वाजवणं, तो ढोल, तो मधला खोकलासुद्धा गाण्याचा भाग असतो. ते सगळं काढून घेतलं आणि नुसते शब्द ठेवले तर त्याला तेच गाणं का म्हणायचं? कवितावाचन म्हणा.

जुनी_कॅसेट
+१ ढोबळमानाने.

मी १८ फेब्रुवारी २००७ ला मुंबईत पिंक फ्लॉइडवाल्या रॉजर वॉटर्सला ऐकलं. उत्तरार्धात त्यांचा अल्बम 'डार्क साइड ऑफ द मून' अख्खा, पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत. घड्याळं वाजायची तिथे घड्याळं वाजली, नाणी खुळखुळायची तिथे खुळखुळली, आणि आवाज चारी बाजूंनी. मी डोळे मिटले की कॉलेजच्या खोलीत, उघडले की समोर खुद्द वॉटर्स. आयुष्यात दुसरं काही नको होतं त्या क्षणी. मला नवं काही ऐकायचंच नव्हतं. जे होतं तेच हवं होतं, फक्त मोठं.

कोणी म्हणेल की मग घरी सीडी लाव. लावतोच की! पण हजारो माणसं एका वेळी तेच गाणं अंगावर घेतात तेव्हा जे होतं ते सीडीत कुठे आहे?

गोदातीर
वॉटर्स मीही ऐकला, छान होता. पण खरं सांगू का, पडद्यावरच्या चित्रांशी सगळं इतकं बांधलेलं होतं की वाटलं, आज याला शिंक आली असती तरी कार्यक्रम पुढे गेला असता.

जुनी_कॅसेट
गोदातीर, ठसका लागला चहा पिताना. पण मत बदललेलं नाही.

हातोहात
अवांतर आहे पण सांगतोच. एप्रिल २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स बँडवाले मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले होते. मी २२ वर्षांचा. घरचे म्हणाले एवढे पैसे कशाला घालवतोस. मी म्हणालो, "अहो, म्हातारे झालेत ते, त्यांचा गायक जॅगर साठीला टेकला. आत्ता नाही पाहिले तर परत कधीच दिसायचे नाहीत." उसने पैसे घेऊन गेलो.

त्यानंतर माझं लग्न झालं, पोरं झाली, केस गेले, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आणि २०२३ मध्ये त्या म्हाताऱ्यांनी नवा अल्बम काढला, २०२४ मध्ये पुन्हा दौरा केला, आणि जॅगर ऐंशीचा होऊन मंचावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होता. मी तो व्हिडिओ गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून पाहिला.

सानिका_प
हातोहात, _/\_

बिनपगारी
तेव्हा घेतलेले उसने पैसे फेडले का?

हातोहात
ज्याचे घेतले तो याच धाग्यावर वाचतोय, विषय बदला.

अनुस्वार
बापरे, दोन दिवसांत एवढे प्रतिसाद! मध्यरात्र, 'तक्रार वाटायची, माफी वाटली' हे वाक्य डोक्यात अडकलंय.

एक सांगायचं राहिलं. तिथे फोन चालत नाही. दारातच फोन एका पिशवीत घालून ती कुलूपबंद करतात. पिशवी आपल्याकडेच राहते, पण उघडता येत नाही. बाहेर पडताना चुंबकाच्या ठोकळ्यावर ठेवली की उघडते. त्यामुळे माझ्याकडे त्या रात्रीचा एकही फोटो नाही. मुलगा पहिली दहा मिनिटं पिशवी दाबून दाबून बघत होता, जखमेवरची खपली काढावी तसा. मग विसरला.

मीठभाकर
म्हणजे दिसायचं नाही, ओळखू यायचं नाही, फोटो काढायचा नाही. धन्य.

किडूकमिडूक
फोनच्या पिशव्यांना माझा पूर्ण पाठिंबा. एका कार्यक्रमात (डिलन नव्हे) माझ्यापुढच्या मुलाने दोन तास हात वर करून चित्रण केलं. मी तो कार्यक्रम त्याच्या फोनच्या पडद्यावर पाहिला, आणि त्याची चौकट चुकलेली होती.

पिशवीचा तोटा एकच, शेवटी बाहेर पडल्यावर सोबतच्यांना शोधायचं कसं. आम्ही आठजण एका ठिकाणी असेच पांगलो. फोन उघडायच्या रांगेत तुफान गर्दी, कोण कुठे पत्ता नाही. शेवटी आमच्यातल्या एकीने मोठ्याने 'गणपती बाप्पा' म्हटलं. सहा बाजूंनी 'मोरया' आलं. सातवा कुठे होता ते विचारू नका, तो दुसऱ्या एका मराठी घोळक्यात मोरया म्हणून तिकडेच उभा होता.

सानिका_प
देवा, मी ऑफिसात हसतेय.

टेकडीवरचा
ढोबळमानाने यांच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो खरा मुद्दा आहे. 'रेकॉर्ड हीच मूळ संहिता.' आता गंमत बघा. 'लाइक अ रोलिंग स्टोन' जून १९६५ मध्ये दोन दिवस रेकॉर्ड होत होतं. पहिल्या दिवशी ते तीन मात्रांत होतं, वॉल्ट्झच्या चालीत! जमेना म्हणून दुसऱ्या दिवशी चार मात्रांत घेतलं. त्या दिवशी त्यांनी कितीतरी वेळा ते गाणं वाजवलं, त्यातला चौथा प्रयत्न आपण साठ वर्षं ऐकतोय. त्यानंतरही बरेच प्रयत्न झाले, पण बहुतेक मध्येच कोलमडले. आणि ज्या ऑर्गनवर आपण जीव टाकतो तो वाजवणारा अल कूपर तिथे गिटार वाजवायच्या आशेने आला होता. ऑर्गन हे त्याचं वाद्यच नव्हतं. हळूच जाऊन बसला. नीट ऐकलंत तर कळतं की तो बाकीच्यांच्या किंचित मागे आहे, कारण पुढचा सूर कुठला ते बाकीचे वाजवतील तेव्हा त्याला समजत होतं.

मग मूळ कुठलं? त्या एका दुपारी जे जमलं ते. फीत फिरत होती म्हणून आपल्यापर्यंत आलं. डिलनच्या लेखी तो एक प्रयोग होता, आपल्या लेखी शिलालेख झाला.

ढोबळमानाने
माहिती सुंदर, साहेब. पण तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. इतक्या प्रयत्नांतून तो चौथाच का निवडला? कारण तोच जमला होता! बाकीचे फेकले. म्हणजे गाण्याचं एक रूप दुसऱ्यापेक्षा सरस असतं, हे त्यालाही मान्य होतं. मग आज ऐंशी पार केल्यावर तो जे करतो त्यातलं सगळंच 'नवं रूप' म्हणून डोक्यावर का घ्यायचं? काही नुसतंच न जमलेलं असेल की.

टेकडीवरचा
हे मात्र मान्य. भक्तांना डिलन शिंकला तरी त्यात अंतरा ऐकू येतो. मीही त्यातला आहे, पण निदान मला ते ठाऊक आहे.

मध्यरात्र
लोकांना ते आवडावं म्हणून त्याने कधी काही केलंय असं दिसत नाही. २५ जुलै १९६५, न्यूपोर्ट. लोकगीतांचा मेळा, हा इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला, लोकांनी हुर्यो केली. पुढच्या वर्षी, १७ मे १९६६ ला मँचेस्टरमध्ये श्रोत्यांतून एकाने 'ज्यूडास!' (येशूला दगा देणारा) म्हणून हाक मारली. म्हणजे अनु, तू निदान गप्प तरी बसलीस.

आणि तुझ्या हॉलचा एक किस्सा. ती मँचेस्टरची चोरटी फीत वर्षानुवर्षं 'रॉयल अल्बर्ट हॉलचा कार्यक्रम' म्हणूनच फिरत होती. कोणीतरी चुकीचं लेबल लावलं आणि तेच चिकटलं. १९९८ मध्ये कंपनीने अधिकृत अल्बम काढला तेव्हाही मुखपृष्ठावर 'रॉयल अल्बर्ट हॉल' अवतरणचिन्हांत टाकलं. तेव्हा ज्या सभागृहात 'ज्यूडास' घडलं असं निम्म्या जगाला वाटायचं, तिथे तू बसली होतीस आणि ते तिथे घडलंच नव्हतं.

अनुस्वार
मी तिथे बसून हेच आठवत होते!! खुर्चीकडे बघून मनात म्हणत होते, कदाचित याच रांगेतून ओरडला असेल. फजिती.

गोदातीर
'हुर्यो' वरून आठवलं, एकदम उलटं उदाहरण. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्क, बांगलादेशासाठीचा कार्यक्रम. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने भरवलेला, रविशंकर आणि अली अकबर खाँ आधी बसले. त्यांनी वाद्यं लावून घेतली आणि लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या! रविशंकर हसून म्हणाले की नुसतं लावणं एवढं आवडलं तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे. त्याच कार्यक्रमात डिलन होता, आणि ढोलावर बीटल्सच्याच रिंगोच्या जोडीला जिम केल्टनर.

अनुस्वार
गोदातीर!! अल्बर्ट हॉलला ढोलावर जिम केल्टनरच होता! वय ८२. मला त्याचं नाव तेवढं माहीत होतं. 'डेसोलेशन रो' त्यांनी असं काही धावतं केलं होतं की मुलगा खुर्चीच्या काठावर आला. मूळ गाणं अकरा मिनिटांचं, संथ, दुपारच्या उन्हासारखं. तिथे ते टपावर पाऊस पडल्यासारखं वाजत होतं. दोघांचं वय मिळून १६५!

बिनपगारी
माझ्या बँकेच्या शाखेत मिळून एवढं होत नाही.

रात्रपाळी
वाचनमात्र होतो, आज लिहितो. मीठभाकर यांनी 'श्रोत्यांची जाणीव' म्हटलं, त्यावरून गायक-कवी लेनर्ड कोहेन आठवला.

२००८ चा उन्हाळा, लंडन. कोहेन तेव्हा ७३ वर्षांचा. पंधरा वर्षं दौरा केला नव्हता. साठवलेला पैसा विश्वासातल्या माणसामुळे गेला, म्हणून या वयात पुन्हा मंचावर यावं लागलं, हे सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत होतं. नाइलाजाने आलेल्या माणसाकडून आम्ही काही फार अपेक्षा ठेवून गेलो नव्हतो.

तो धावत आला. अक्षरशः. सूट, डोक्यावर हॅट. सोबतचा वादक एकटा वाजवायला लागला की हा हॅट काढून छातीशी धरायचा आणि त्याच्याकडे तोंड करून उभा राहायचा, देवळात उभं राहावं तसा. गुडघ्यावर बसून गायचा. उठताना कोणाचा हात नाही. अडीच-तीन तास. गाणी बहुतेक आपल्या ओळखीचीच, पण आवाज इतका खाली गेलेला की ती गाणी खोल विहिरीतून येत होती.

मी त्या वर्षी खूप वाईट काळातून जात होतो. तपशील नको. परतताना शेवटची गाडी चुकली, दीड तास चालत घरी गेलो. मला ते चालणंसुद्धा आठवतं.

टेकडीवरचा
रात्रपाळी, लिहीत जा हो.

सानिका_प
मला वय वगैरे काही कळत नव्हतं जुलै २०२५ पर्यंत. बर्मिंगहॅमला ५ तारखेला हेवी मेटलचा गायक ऑझी ऑस्बोर्नचा शेवटचा कार्यक्रम झाला, तो आम्ही घरी थेट बघितला. पार्किन्सनमुळे उभं राहता येत नव्हतं. काळं सिंहासन, त्यात बसून गायला. मध्येच हातांवर जोर देऊन उठायचा प्रयत्न करायचा आणि परत बसायचा. २२ जुलैला गेलाच. माझ्या भावाने, जो बाबांच्या आजारपणातही रडला नव्हता, त्याने त्या दिवशी सुट्टी काढली.

हातोहात
बसून गाण्याचं रॉकवाल्यांना एवढं काय वाटतं कळत नाही. आपल्याकडे सगळे पहिल्यापासून बसूनच गातात, त्यामुळे म्हातारे कधी झाले ते कळतच नाही.

किडूकमिडूक
हातोहात, हसले खरी, पण लगेच आजोबा आठवले. त्यांनी बालगंधर्वांना अगदी उतारवयात ऐकलं होतं. पायांनी साथ सोडलेली, आवाजाचं वैभव गेलेलं. बरोबरचे लोक 'आता थांबायला हवं यांनी' म्हणत बाहेर पडले. आजोबा म्हणायचे, "तासाभरात एकच जागा अशी घेतली की वाटलं, हां, हेच ते." ती जागा ते आम्हाला म्हणून दाखवायचे. दर वेळी वेगळी म्हणायचे. आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, "मागच्या वेळी वर गेले होते नारायणराव!"

ढोबळमानाने
अहाहा. या प्रतिसादासाठी धागा वसूल. (माझा विरोध कायम आहे, नोंद घ्यावी.)

जुनी_कॅसेट
एक शंका. डिलन गिटार का वाजवत नाही आता? हात गेले का?

मध्यरात्र
२००२ च्या सुमारास मंचावर पियानोकडे वळला, नंतर बहुतेक तोच. कारणाबद्दल लोक काहीही बोलतात, त्याने स्वतः काही सांगितलेलं माझ्या वाचनात नाही. पण हात गेलेत म्हणावं तर २३ सप्टेंबर २०२३ ला इंडियानात शेतकऱ्यांच्या मदतीसाठी होणाऱ्या 'फार्म एड' च्या मंचावर कोणाला न सांगता गिटार घेऊन उभा राहिला आणि तीन जुनी गाणी वाजवून गेला. सगळ्यांचे फोन हातात होते, सगळ्यांनी चित्रण केलं. म्हणजे येतं. द्यायचं नसतं.

मीठभाकर
"येतं, द्यायचं नसतं." अहो, हीच तर माझी तक्रार आहे!

अनुस्वार
मी परत आले, बऱ्याच दिवसांनी. धागा वर काढतेय, क्षमस्व.

गेल्या रविवारी 'इट एन्ट मी, बेब' लावलं, १९६४ चं, माझं. कांदे चिरत होते. पहिल्या कडव्यानंतर मला चुकल्यासारखं व्हायला लागलं. सगळं जिथल्या तिथे होतं आणि तरी काहीतरी नव्हतं. मग लक्षात आलं, मी त्या पियानोची वाट बघत होते. त्या रात्री ध्रुवपदाच्या आधी त्याने जे दोन-तीन सूर टाकले होते ते.

आता ते कुठून आणणार? फोन पिशवीत होता. इंटरनेटवर कोणीतरी लपवून केलेली चित्रणं आहेत म्हणतात, पण मला ती ऐकायची नाहीत, त्यात नक्कीच वेगळं असेल. म्हणून मग ती चाल आपली आपणच गुणगुणायला लागले. आधी पियानो, मग अर्धी ओळ, मग ते घाईने म्हणणं.

मुलगा फ्रिज उघडून उभा होता. पाठ माझ्याकडे. म्हणाला, "असं नव्हतं, आई. तिथे तो थांबला होता."

मी म्हटलं, कुठे? तर त्याने म्हणून दाखवलं.

किडूकमिडूक
अनु. आजी-आजोबा.

सानिका_प
फ्रिजचं दार बंद केलं का त्याने?

अनुस्वार
नाही. वाजायला लागलं तेव्हा केलं.

मीठभाकर
मत बदललेलं नाही. फक्त एक माहिती हवी होती. पियानो मंचावर कुठल्या बाजूला असतो, म्हणजे निदान चेहरा दिसेल अशी जागा कुठली? तिकिटाचं पान उघडून बसलोय.